परदेशातून : अभिजात दर्जा आणि शेजारची आजी

पहिलीपासून हिंदीचा वाद महाराष्ट्रात पेटला आणि २९ जून २०२५ला सरकारने शासन निर्णय मागे घेतले, तेव्हा आमचा जर्मनीतल्या कोलोनचा मराठी ग्रुप कधी नव्हे तो एका सुरात बोलत होता. मीही त्यातच. त्याआधी, ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढ्यांचे फोटो फिरले होते. पण इथल्या अलेवी या तुर्कस्तानातल्या अल्पसंख्याक पंथाच्या मंडळींमध्ये ऊठबस वाढली, तसा माझा उत्साह जरा निवळला.

१९६१च्या कामगार करारानंतर तुर्कस्तानातून जर्मनीत आलेल्यांत अलेवी बरेच. त्यांची उपासना मशिदीत नाही, जेमघर या त्यांच्या सामूहिक उपासनेच्या जागेत. बाया-पुरुष एकत्र बसतात, साझ या तंतुवाद्यावर पदं गातात, समाह हा विधीनाच नाचतात. परंपरेची भिस्त ग्रंथापेक्षा गळ्यावर. तुर्कस्तानात १९२५च्या कायद्याने तेक्के, म्हणजे अशा पंथांचे मठ, बंद झाले आणि जेमघरांना मशिदीच्या बरोबरीचा कायदेशीर दर्जा आजही नाही. इथे मात्र बर्लिनच्या शाळांत २००२पासून अलेवी धर्मशिक्षण आहे. पुढे इतर राज्यांतही आलं, आणि शिक्षक घडवायला, संशोधनाला विद्यापीठं पुढे आली. समाजाच्या संघटना आणि प्राध्यापक एका टेबलाशी बसले म्हणून हे झालं. मला याचा हेवा वाटतो.

खोट एवढीच की हे सगळं जर्मनमध्ये चालतं.

आमच्या शेजारची आजी पूर्व तुर्कस्तानातल्या देरसिमची. सरकारी नकाशात तुन्जेली. तिची भाषा झाझाकी, युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीतली. हिवाळ्यात खिजिर या संताच्या नावाचे उपास येतात, तेव्हा ती भाजलेल्या गव्हाचं पीठ ताटात पसरून रात्रभर ठेवते आणि सकाळी त्यावर खिजिरच्या खुणा उमटल्या का ते बघते. पुटपुटते झाझाकीत. नात शेजारी उभी राहून जर्मनमध्ये विचारते, आणि मधल्या पिढीतला आजीचा मुलगा दोघींना तुर्कीत समजावतो. उपास नातीला शाळेतून ठाऊक आहे, आजीचं पुटपुटणं मात्र नाही. तुर्कस्तानात २०१२पासून झाझाकी शाळेत ऐच्छिक विषय आहे, तुन्जेलीच्या विद्यापीठात विभागही आहे. पण ऐच्छिक विषय म्हणजे काय चीज असते, ते आपल्याला सांगायला नको.

म्हणून समाज आणि विद्यापीठांच्या अशा सहकार्याच्या बातम्या वाचताना मी एकच बघतो : ध्वनिमुद्रण कुठे ठेवलंय आणि परत कोणाकडे जातंय. पिढ्यान्‌पिढ्या जपून, लपवून ठेवलेला विधी हार्ड डिस्कवर जायचा, तर तो कोणी ऐकावा हे आधी देदेंना, म्हणजे त्यांच्या गुरुजनांना, विचारायला हवं. आपल्याकडे महानुभावांनी पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत ठेवल्या होत्या, त्यामुळे हा संकोच मराठी माणसाला परका वाटू नये.

आणि मराठी वाचवण्याच्या घोषणांत एक नाव कधीच ऐकू येत नाही : निहाली. बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात जेमतेम दोन-अडीच हजार लोक ती बोलतात. जगातल्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. तिच्यावर दडपण कोरकू या शेजारच्या आदिवासी भाषेचं आहे, हिंदीचं आहे आणि मराठीचंही. या हिशेबात आपण मार खाणाऱ्यांत नाही, मारणाऱ्यांत आहोत. ग्रुपवर हे लिहिलं तर दोन अंगठे आले आणि पुढचा मेसेज गणपतीच्या वर्गणीचा. रिद्धपूरला नवं मराठी भाषा विद्यापीठ झालंय. जळगाव जामोदही त्याच अमरावती विभागात येतं. तिथल्या एखाद्या म्हातारीला मानधन देऊन वर्गात बसवायला युनेस्कोची परवानगी लागत नाही.