टाइमआउट झाला म्हणजे काम झालं नाही, हे या ऑटोमेशन टूलवाल्यांना कोणी शिकवलं?

उत्तर यायला उशीर झाला, एवढाच टाइमआउटचा अर्थ! पलीकडे काम पूर्ण झालं असेल, अर्धवट असेल, नाहीतर चालू असेल. पण कामाच्या पायऱ्या एकामागून एक आपोआप चालवणाऱ्या आमच्या टूलच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘फेल्ड’, आणि वर न विचारता रिट्राय.

भोसरीतल्या एका स्पेअर पार्टवाल्यांचं काम आम्ही बघतो. ऑर्डर आली की बिल बनतं, सरकारी ई-इनव्हॉइस पोर्टलवरून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) येतो, मग पार्टीला व्हॉट्सअ‍ॅप. महिनाअखेरीला त्यांचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर रांगायला लागतं. बिलाला चाळीसेक सेकंद लागतात आणि टूलची मर्यादा ३०. ती वाढवायची सोयच नाही! तिसाव्या सेकंदाला टूल हात झटकतं, तीच विनंती पुन्हा धाडतं, आणि एकाच मालाची दोन बिलं फाटतात. बिल नंबर वेगळे, म्हणून पोर्टललाही डुप्लिकेट कळत नाही, दोन आयआरएन. तो रद्द करायला २४ तास मिळतात. शनिवारी संध्याकाळचा घोळ सोमवारी उघडकीला आला की बसा क्रेडिट नोट काढत. मालकांचा फोन येतो तो आम्हाला: "अहो, पार्टी मला चोर म्हणतेय!" काय सांगायचं त्यांना?

सपोर्टचं उत्तर ठरलेलं, ‘तुमचा एपीआय फास्ट करा.’ अरे, तो एपीआय (विनंत्या घेणारं सॉफ्टवेअरचं दार) माझा नाहीये, अकाउंटिंग सॉफ्टवेअरवाल्यांचा आहे!

मर्यादा नकोच असं मी म्हणत नाही. कोड ठेवायची साइट गिटहब वेबहुकला (काही घडलं की दुसऱ्या सिस्टीमला आपोआप जाणारी खबर) १० सेकंदच देतं. ऑफिस चॅटचं स्लॅक तर ३ सेकंदांत पोच मागतं, पण पोच दिली की खरं उत्तर पाठवायला पुढे ३० मिनिटं देतं. वेबवर सिस्टीम एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात त्या एचटीटीपीत २०२ हा कोड याचसाठी आहे: विनंती घेतली, काम चालू आहे. हे टूल २०२ दिसला की ‘सक्सेस’ लिहून पुढच्या पायरीवर जातं. बिल तयारच नसतं आणि पार्टीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रिकामी लिंक!

प्रत्येक पायरीला वेगळी मर्यादा ठरवू द्या. उत्तर आलं नाही तर ‘उत्तर आलं नाही’ असंच लिहा. रिट्राय करताना तीच आयडेम्पोटन्सी की (त्या विनंतीचा ओळख-नंबर) पाठवा, म्हणजे पलीकडच्या सिस्टीमला ऑर्डर जुनीच आहे हे ओळखता येईल. तिला ती की कळत नसेल, तर बिलाच्या पायरीवर रिट्राय बंद करायचं बटण द्या. यात अवघड काय आहे? आणि तुमच्या त्या आगाऊ रिट्रायचे रनसुद्धा आमच्याच महिन्याच्या कोट्यातून कापता, ते आधी परत करा!