फर्नच्या पानामागचे ठिपके तांबेरा नव्हेत

‘फर्नच्या पानामागे तपकिरी ठिपके दिसले की तो तांबेरा समजावा, ती पाने कापून बुरशीनाशक फवारावे, कुंडी अंधाऱ्या न्हाणीघरात ठेवावी, एक फर्न खोलीतली सगळी हवा शुद्ध करते, हे नासाने सिद्ध केले आहे, आणि विकतच्या रोपापेक्षा महाबळेश्वरच्या रानातून उपटून आणलेले रोप काटक निघते,’ असा संदेश सांगली-साताऱ्याच्या बागप्रेमींमध्ये फिरतो आहे. त्यातला एकही मुद्दा टिकत नाही आणि पहिला तर रोपाच्या मुळावर उठणारा आहे.

तांबेरा या बुरशीजन्य रोगाचा संशय इकडे चटकन येतो, हे समजण्यासारखे आहे. सोयाबीनवर आणि उसावर तो पाहिलेल्या माणसाचा हात पानामागची तपकिरी पूड दिसताच फवारणी पंपाकडे जाणारच. परंतु फर्न, म्हणजेच नेचे, या फुले-बिया न धरणाऱ्या वनस्पती आहेत. त्यांचा वंश बीजाणूंवर चालतो आणि हे ठिपके म्हणजे बीजाणू तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांचे पुंजके होत. बोस्टन फर्नची एक पर्णिका उलटी करून पाहिली, तर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना ठिपक्यांची एकेक सरळ ओळ आणि कोवळ्या ठिपक्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचे पातळ झाकण दिसते. हंसराज या दुसऱ्या नेच्यात हेच पुंजके पानाच्या दुमडलेल्या कडेखाली दडलेले असतात.

रोग अशी शिस्त पाळत नाही. तांबेऱ्याचे फोड वेडेवाकडे विखुरतात आणि भोवतीचे पान पिवळे पडत जाते. नुसती पूड बोटाला लागली म्हणून निदान करू नये, कारण पूड बुरशीचीही सुटते. पाहायची ती मांडणी. काळजी करायचीच तर खवले किडीची करावी: तिचे खवले देठावर, शिरेवर, कुठेही चिकटतात, नखाने अख्खे उचकटतात आणि खालच्या पानांवर चिकट थर साचतो.

पिकल्या ठिपक्यांचे पान कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवले, तर बहुतेक नेच्यांची नक्षी सकाळपर्यंत कागदावर पुडीने उमटते. पिशवीच्या पाठीवरचे जाड पेशींचे कडे वाळताना ताणले जाते आणि एका क्षणी झटक्याने मागे येऊन बीजाणू भिरकावते. ओलसर जागी पडलेल्या बीजाणूतून थेट फर्न उगवत नाही; आधी नखापेक्षाही लहान, हृदयाच्या आकाराची हिरवी पापडी तयार होते, तिच्यावर पाण्याचा थर असेल तरच पुंपेशी पोहत अंड्यापर्यंत पोहोचते, आणि मग नवे रोप वर येते. जुन्या दगडी विहिरींच्या पाझरत्या सांध्यांत नेचे दाटून येतात ते यामुळेच. ठिपक्यांची पाने कापणारा माणूस पूर्ण वाढलेली, सुदृढ पानेच कापत असतो, आणि उरलेल्या कोवळ्या पानांवर औषध मारून तीही करपवण्याची शक्यता असते.

संदेशासोबतच्या छायाचित्रातले लाल फळांचे रोप तर फर्नच नाही. ते ‘ॲस्परॅगस फर्न’, म्हणजे शतावरीचे भाईबंद असलेले फुलणारे झाड आहे.

न्हाणीघरातला दमटपणा फर्नला मानवतो, अंधार नव्हे. कडक ऊन टाळून पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवावे.

नासाचा १९८९चा अभ्यास लहान, हवाबंद पेट्यांत झाला होता. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्विश्लेषणानुसार, बाहेरची हवा आत-बाहेर होऊन इमारतीत जेवढी शुद्धी आपोआप होते तेवढी कुंड्यांकडून करून घ्यायची, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील. मग दिवाणखान्यात माणसांनी बसायचे कुठे?

महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथल्या धुक्यात वाढलेले रोप सांगलीच्या एप्रिलमध्ये काटक ठरेल, ही अपेक्षाच उलटी आहे. शिवाय राखीव जंगलातून रोप उपटणे हा १९२७च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. रोपवाटिकेतले बोस्टन फर्न घ्यावे, मातीचा वरचा थर सुकू लागताच पाणी द्यावे, बुडाशी पाणी साचू देऊ नये, आणि कात्री चालवायचीच असेल तर पूर्ण वाळलेल्या पानांवर, बुंध्यापासून चालवावी.