लार्कहिलला धावपट्टी नव्हतीच, मान्य!

नमस्कार. इंग्लंडमधल्या लार्कहिलला मी तिथल्या लष्कराचा पहिला विमानतळ म्हटलं, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा रागच आला. रात्री पुन्हा वाचली, तर निम्मी पटली. तुमचे आक्षेप चार: लार्कहिलला धावपट्टी नव्हती, इंग्लंडच्या लष्कराचा पहिला विमानतळ म्हणायचा मान इंग्लंडमधल्याच फार्नबरोचा, विमानांना अडथळा नको म्हणून शेजारच्या स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाचे दगड पाडायला निघाले होते, ते मी गाळलं, आणि मुळात आपल्याला त्याचं काय?

धावपट्टीचं शंभर टक्के बरोबर. लार्कहिल म्हणजे सॉल्सबरी प्लेनवरचं गवताळ माळरान. १९०९मध्ये होरेशियो बार्बर या विमानवेड्या गृहस्थांनी तिथे शेड बांधली, पुढच्या वर्षी विमानं बनवणाऱ्या ब्रिस्टल कंपनीने आपलं उड्डाणाचं प्रशिक्षण तिथेच सुरू केलं. वारा बघायचा आणि त्याच्या तोंडावर पळत सुटायचं, एवढाच कारभार. ‘धावपट्टी’ हा शब्द माझ्या हातून सवयीने गेला.

फार्नबरोबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. तिथे बलून होते, पतंग होते, सॅम्युअल कोडी या विमान बनवणाऱ्या वैमानिकाचं १९०८चं उड्डाणही तिथलंच. पण १ एप्रिल १९११ला रॉयल इंजिनिअर्स या लष्कराच्या अभियंता दलाची एअर बटालियन उभी राहिली तेव्हा बलून आणि एअरशिप (इंजिनाचं हवाई जहाज) सांभाळणारी पहिली कंपनी, म्हणजे तुकडी, फार्नबरोला राहिली आणि विमानांची दुसरी कंपनी लार्कहिलला आली. १९१२मध्ये रॉयल फ्लाइंग कोअर हे लष्कराचं उड्डाणदल निघाल्यावर या दुसऱ्या कंपनीचीच तिसरी स्क्वाड्रन झाली. ‘तिसरा पहिला ठरेल’ अशा अर्थाचं लॅटिन ब्रीद ही स्क्वाड्रन मिरवते ते, विमानांची पहिली तुकडी तीच, म्हणून. बलून आणि विमान एकाच मापाने मोजायचं असेल तर तुमचं खरं. मी विमानाबद्दल लिहीत होतो.

याच मैदानावर ऑगस्ट १९१२मध्ये लष्करासाठी विमानांची स्पर्धा झाली, ती गंमत मूळ लेखात दोन ओळींत उरकली हे माझं चुकलंच. पहिलं आलं कोडीचं अवाढव्य विमान. बक्षिसाचे ५,००० पौंड त्यालाच मिळाले. सरकारी कारखान्याचं बीई-२ हे विमान मात्र स्पर्धेबाहेर, कारण कारखान्याचा प्रमुखच परीक्षक. तेच विमान प्रवाशासह १०,५६० फूट चढलं, आणि लष्कराने पुढे घाऊक घेतलं तेही तेच. जिंकला एक, ऑर्डर दुसऱ्याला. आपल्याकडची टेंडरं आठवली.

स्टोनहेंजची गोष्ट मी मुद्दाम गाळली. दगडांशेजारचा विमानतळ निराळा, तो १९१७ला सुरू झाला. लार्कहिलचं उड्डाण १९१४लाच थांबलं होतं. तिथे सैनिकांच्या बराकी उभ्या राहिल्या. लोक दोन्हींची खिचडी करतात. पाडापाडीचा आदेश सांगणारे पुष्कळ भेटतात, मूळ कागद दाखवणारा मला एकही भेटला नाही. १९१५मध्ये लिलावात ६,६०० पौंडांना घेतलेले दगड सेसिल चब यांनी १९१८ला राष्ट्राला दिले, हे मात्र कागदावर आहे.

‘आपल्याला काय त्याचं’ हे सगळ्यात लागलं. लार्कहिलवर जुलै १९१०ला पहिल्यांदा उडालेलं ब्रिस्टलचं बॉक्सकाइट जातीचं विमान पुढच्या जानेवारीत कुठे होतं माहीत आहे? दख्खनच्या घोडदळाच्या सरावात, आपल्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. ज्यूलरो नावाचा फ्रेंच वैमानिक, आणि मागे टेहळणीला कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. खाली घोडे, वर कापड-लाकडाचा तो सांगाडा! हेच ब्रँकर १९३०मध्ये कराचीला निघालेल्या आर-१०१ एअरशिपच्या अपघातात गेले. हे मूळ लेखात का नव्हतं, असं विचारलं असतंत तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यावर वेगळा लेख लिहायला घेतला आहे.

शीर्षकातली ‘धावपट्टी’ आज सकाळी काढली. आता तिथे ‘लार्कहिलचं मैदान’ असं आहे. फार्नबरोची ओळ होती तशीच ठेवली आहे.