मॅसॅच्युसेट्समध्ये धर्मस्वातंत्र्य कोणाला होतं?

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला सण जवळ आला की एक मेसेज फिरू लागतो: छळाला कंटाळलेले भाविक १६२० साली ओसाड अमेरिकेत उतरले, इंडियनांशी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांशी, गुण्यागोविंदानं राहिले आणि त्यांनी सर्वांसाठी धर्मस्वातंत्र्याचा पाया घातला. यंदा तो मला तीन नातेवाइकांनी पाठवला, म्हणून हे लिहितोय.

छळाचं म्हणावं तर तो इंग्लंडमध्ये झाला, हे खरं. पण 'मेफ्लॉवर' जहाजानं आलेले हे भाविक त्याआधी दहाएक वर्षं हॉलंडमधल्या लायडनला राहत होते आणि तिथे त्यांच्या उपासनेला कोणाची आडकाठी नव्हती. त्यांना घोर होता तो हलाखीचा आणि मुलं डच वळणावर जाण्याचा. जहाजावरच्या १०२ जणांपैकी निम्मे तर त्यांच्या पंथाचेही नव्हते.

ओसाड जमीन? त्यांची प्लिमथ ही वसाहत वसली ती वाम्पानोआग जमातीच्या पटक्सेट या गावाच्या जागी. १६१६ ते १६१९च्या साथीत ते गाव संपलं होतं. तिथल्या टिस्क्वांटमला १६१४ साली एका इंग्रज कप्तानानं पळवून स्पेनमध्ये विकलं. तो कसाबसा परतला, तेव्हा घरी कोणीच उरलं नव्हतं. वसाहतवाल्यांना मका पेरायला शिकवणारा तो हाच.

वसाहतवाले आणि वाम्पानोआग यांचा १६२१चा तह आणि थँक्सगिव्हिंगशी जोडली जाणारी ती मेजवानी खरीच. साथीनं खचलेल्या वाम्पानोआगांचा प्रमुख उसामेक्विन याला शेजारच्या नॅरागॅन्सेट जमातीविरुद्ध सोबती हवा होता. पण त्याचाच मुलगा मेटाकॉम १६७६ साली इंग्रजांविरुद्धच्या युद्धात मारला गेला, तेव्हा त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये खांबावर टांगलं गेलं. त्याआधी १६३७ साली मिस्टिकला इंग्रजांनी पेक्वॉट जमातीची वस्ती बायकापोरांसकट जाळली होती.

सगळ्यात जास्त खटकतो तो 'सर्वांसाठी' हा शब्द. १६३० साली प्लिमथशेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे या वसाहतीत आलेल्या प्यूरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी पुढच्याच वर्षी मताधिकार चर्चच्या सभासदांपुरता ठेवला. १६४१च्या त्यांच्या हक्कांच्या सनदेत दुसऱ्या देवाच्या पूजेला मृत्युदंड आहे आणि युद्धकैद्यांना गुलाम करायची मुभाही. १६५९ ते १६६१ दरम्यान बॉस्टनमध्ये क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चौघांना फाशी दिलं. त्यातल्या मेरी डायरचा पुतळा आज स्टेट हाउस या राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीसमोर आहे. बॉस्टनला गेलात तर जरूर बघा.

धर्मस्वातंत्र्याचा आग्रह धरला तो मॅसॅच्युसेट्समधल्याच रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकानं. उपासनेवरून सरकारनं शिक्षा करू नये आणि इंडियनांची जमीन राजाला सनदेनं देता येत नाही, असं तो म्हणे. १६३५ साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. भर हिवाळ्यात त्याला आसरा दिला वाम्पानोआगांनी आणि त्यानं वसवलेल्या प्रॉव्हिडन्स गावासाठी जागा दिली नॅरागॅन्सेट प्रमुख कॅनॉनिकस आणि मिआंटोनोमी यांनी. प्रॉव्हिडन्स ज्यात होतं त्या ऱ्होड आयलंड वसाहतीला सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची राजसनद मिळाली १६६३ साली.

पण विल्यम्सलाही देव्हाऱ्यात बसवू नये. १६७६च्या मार्चमध्ये मेटाकॉमच्या त्याच युद्धात प्रॉव्हिडन्स जळलं. त्यानंतर तिथे इंडियन कैद्यांना ठरावीक वर्षांच्या वेठबिगारीसाठी विकलं गेलं, आणि ते ठरवणाऱ्या समितीत विल्यम्स होता.