मतदानाचा हक्क नाही, तरी मंगळवारी बोलता येतं

बे एरियातल्या मराठी मित्रमैत्रिणींनो, पोस्ट लांब आहे. विषय ट्रम्पचा नाही, महाराष्ट्रातल्या सत्ताकारणाचाही नाही. आपण राहतो त्या सँटा क्लारा काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, बोर्ड ऑफ सुपरवायझर्स हे निवडून आलेलं मंडळ नेहमीचं कामकाज कसं करतं आणि त्यात आपण का लक्ष घालायला हवं, एवढंच लिहायचं आहे.

गणपतीत, पॉटलकला, मुलांच्या क्रिकेटच्या वेळी आपल्या राजकारणाच्या गप्पा रंगतात. त्यात वॉशिंग्टन असतं, दिल्ली-मुंबई तर असतेच. काउंटी कधी नसते. विषय काढला की उत्तर ठरलेलं, "आपल्याला इथे मत कुठे आहे?" एच-वन-बी व्हिसावर नोकरीसाठी कालपरवा आलेला मुलगा हे म्हणतो आणि ग्रीन कार्डच्या रांगेत ज्याचे केस पिकले तोही हेच म्हणतो. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. मत नसलेल्या माणसाचंही म्हणणं ज्या सभेत ऐकून घ्यावंच लागतं, ती सभा काउंटीची आहे.

आधी हे बोर्ड करतं काय ते सांगते. जवळपास १९ लाख लोकांच्या काउंटीसाठी पाच सुपरवायझर्स आहेत. सॅन होजेचं मोठं सरकारी रुग्णालय काउंटीचं. तुरुंग काउंटीचा. मुलांचे जन्मदाखले, लग्नाचं लायसन्स, निवडणुकीची सगळी यंत्रणा काउंटीची. लॉरेन्स, सॅन टोमास, मॉन्टेग्यू हे एक्स्प्रेसवे, ज्यांच्या सिग्नलवर आपण रोज सकाळी खोळंबतो, तेही काउंटीचेच. आपल्या आवडत्या डोशाच्या हॉटेलच्या दारावर हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड लावलेलं असतं, ते काउंटीच्या तपासनिसाने लावलेलं असतं. क्युपर्टिनो आणि सॅराटोगात राहणाऱ्यांना तर स्वतःचं शहर पोलीस खातंच नाही, तिथे काउंटीचा शेरीफ कराराने गस्त घालतो. आणि घर घेतलेल्या प्रत्येकाला १० डिसेंबर आणि १० एप्रिल या तारखा पाठ आहेत, कारण त्या उलटल्या की प्रॉपर्टी टॅक्सवर दंड बसतो. तो टॅक्स भरताना कुणी आपला व्हिसा विचारत नाही.

आता सभेबद्दल. ती मंगळवारी असते आणि बरंचसं काम कन्सेंट कॅलेंडर नावाच्या यादीतून होतं. मागच्या सभेचं इतिवृत्त, करारांना मुदतवाढ, अनुदान स्वीकारणं, समित्यांवरच्या नेमणुका, असे डझनावारी विषय त्या यादीत असतात आणि ते सगळे एका ठरावाने, एका मतदानात मंजूर होतात. सभेचं प्रक्षेपण बघत असलात तर चहाचा कप आणायला उठाल तेवढ्यात ते संपलेलं असतं.

त्या यादीतलं नेहमीचं वाक्य साधारण असं असतं: अमुक कंपनीबरोबर करार करण्याचा, त्यात दुरुस्ती करण्याचा किंवा तो संपवण्याचा अधिकार खरेदी संचालकांना देणे, रक्कम इतक्या डॉलरपेक्षा जास्त नाही, मुदत या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, काउंटीच्या वकिलांनी कायदेशीर बाजू तपासल्यानंतर, हा अधिकार अमुक दिवशी संपेल. वाचताना डोळे मिटायला लागतात, मान्य. पण दुसऱ्यांदा वाचा. पैसे किती, कुणाच्या सहीने जाणार, ते कोण तपासणार, कधीपर्यंत, सगळं त्यात आलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या मर्यादेतले पुढचे फेरबदल पुन्हा बोर्डासमोर येणारच नाहीत. प्रश्न विचारायचा असेल तर तो याच मंगळवारी विचारायचा.

प्रत्येक विषयाला एक टिपण जोडलेलं असतं, वेबसाइटवर कुणालाही उघडता येतं. त्यात ठरलेले मथळे असतात. मुलांवर काय परिणाम, ज्येष्ठांवर काय परिणाम, पार्श्वभूमी, आर्थिक भार, मंजुरीनंतर काय करायचं. मुलांवरच्या परिणामाखाली बहुतेक वेळा "काही परिणाम नाही" असं छापील वाक्य असतं. मी सगळ्यात आधी वाचते तो मथळा म्हणजे "ठराव नामंजूर झाल्यास काय होईल". तिथे खात्याला खरं काय हवंय ते स्पष्ट लिहावं लागतं. अमुक तारखेनंतर दुभाषे मिळणार नाहीत, दवाखान्यातली एवढी पदं रिकामी राहतील, केंद्राचा निधी परत जाईल. खात्याची निकड तिथे दिसते, आणि कधीकधी असंही दिसतं की निकड फारशी नाहीच.

माझं बालपण जिल्ह्याच्या गावी गेलं, त्यामुळे सभेच्या नोटिशी मी लहानपणापासून पाहत आलेय. जिल्हा परिषद असो, पतसंस्था असो, विषयपत्रिकेची पहिली ओळ "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" आणि शेवटची ओळ "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय". या शेवटच्या ओळीने आपल्याकडे काय काय मंजूर झालंय ते प्रत्येक तालुक्यातल्या जाणत्या माणसाला विचारा. कॅलिफोर्नियात ही शेवटची ओळ कायद्याने बंद आहे. १९५२ साली माइक हॅरिस नावाच्या पत्रकाराने सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलमध्ये लेखमाला लिहून दाखवून दिलं की इथल्या स्थानिक संस्था महत्त्वाचे निर्णय बंद दाराआड उरकतात. पुढच्याच वर्षी राल्फ ब्राउन या आमदाराच्या नावाने ब्राउन अ‍ॅक्ट आला. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावायची. पत्रिकेत नसलेल्या विषयावर निर्णय घ्यायचा नाही. पत्रिका लागल्यानंतर खरोखरच तातडीचं काही उपटलं तर दोन तृतीयांश मतांनी ते आधी ठरवायचं, मगच पुढे जायचं. सत्तर वर्षांहून अधिक काळ हा कायदा इथे लागू आहे, आणि माझ्या मते या राज्याने केलेल्या उत्तम कामांपैकी हे एक आहे.

महाराष्ट्रात २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकांनीच कारभार चालवला. शाळाखोल्यांची दुरुस्ती, रस्ते, पाणी योजना, प्राथमिक आरोग्य केंद्रांची औषधं, ही सगळी नेहमीचीच कामं. ती एका अधिकाऱ्याच्या सहीने होत राहिली. अधिकारी चांगला असेलही. पण "आमच्या वाडीची शाळा यादीत का नाही?" असं उभं राहून विचारणारा सदस्य सभागृहात नव्हता, याचं मला फार वाईट वाटतं. आणि त्यामुळेच इथे मंगळवारी भरणारी सभा आपण न बघता सोडून देतो, हे मला जास्त खटकतं.

नेहमीच्या कामकाजातून काय घडू शकतं याचं माझ्या मनातलं सगळ्यात ठळक उदाहरण पूर्व सॅन होजेतल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाचं. छोट्या, पिस्टन इंजिनाच्या विमानांचा विमानतळ, काउंटीच्या मालकीचा. या विमानांच्या पेट्रोलमध्ये आजही शिसं असतं. गाड्यांच्या पेट्रोलमधून ते कधीच गेलं. विमानतळाच्या कुंपणाला लागून घरं आणि शाळा आहेत, वस्ती मुख्यतः लॅटिनो आणि व्हिएतनामी कामकरी कुटुंबांची. काउंटीने मुलांच्या रक्तातल्या शिशाचा अभ्यास करून घेतला. १७,००० पेक्षा जास्त नमुने तपासले गेले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये अहवाल आला की विमानतळाच्या जवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसं अधिक आहे. वारा ज्या दिशेला वाहतो तिथे आणखी अधिक. त्याच महिन्यात बोर्डाने ठराव केला आणि १ जानेवारी २०२२ पासून काउंटीच्या दोन्ही विमानतळांवर शिसंयुक्त इंधनाची विक्री थांबली. वैमानिकांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, केंद्राच्या विमान वाहतूक खात्याशी वाद झाला. त्यांच्या सुरक्षेच्या शंका मी उडवून लावणार नाही, चुकीचं इंधन इंजिनात जाणं जिवावर बेतू शकतं. पण लहान मुलांच्या रक्तात शिसं किती चालेल याला वैद्यकशास्त्रात सुरक्षित आकडा नाही. बोर्डाने योग्य केलं. एखाद्या खात्याने अभ्यासासाठी पैसे मागायचे आणि बोर्डाने ते द्यायचे, एवढ्या साध्या कामातून ही गोष्ट सुरू होते.

दुसरं उदाहरण थेट आपल्या स्वयंपाकघरातलं. आपल्यातल्या कितीतरी बायका घरून डबे देतात. पोळी, भाजी, वरणभात, आठवड्यातून एकदा पुरणपोळी किंवा मसालेभात. स्टीलच्या डब्यांऐवजी प्लॅस्टिकचे डबे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेनू, एवढाच काय तो फरक. घरच्या स्वयंपाकघरातून गरम जेवण विकायला परवाना मिळावा म्हणून कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कायदा केला, २०१९ पासून तो अमलात आला. पण त्यात अट अशी की तो आपल्याकडे लागू करायचा की नाही हे त्या-त्या काउंटीने ठरवायचं. रिव्हरसाइड काउंटीने सगळ्यात आधी दार उघडलं, बाकीच्या सावकाश विचार करत बसल्या. म्हणजे एकाच राज्यात एका बाईचा डबा कायदेशीर आणि काउंटीची हद्द ओलांडली की दुसरीचा बेकायदा. सुरुवातीला आठवड्याला ६० जेवणं आणि वर्षाला ५०,००० डॉलरची मर्यादा होती, २०२३ च्या दुरुस्तीने ती ९० जेवणं आणि १ लाख डॉलर झाली. जिथे जिथे बोर्डासमोर हा विषय आला तिथे आरोग्य खातं स्वच्छतेच्या शंका मांडणार, हे उघड आहे. त्या वेळी नऊवार नेसून ढोल वाजवणाऱ्या आपल्या फळीतल्या चार जणींनी जाऊन "आमचं घर यावर चालतं" असं सांगितलं तर त्याला वजन येतं. आपण तिथे किती वेळा दिसलो?

करोनाचं उदाहरण तर सगळ्यांनी भोगलेलं. १६ मार्च २०२० ला बे एरियातल्या सहा काउंट्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी घरी थांबण्याचा आदेश काढला, देशातला पहिला. राज्याचा आदेश त्यानंतर तीन दिवसांनी आला. आपल्या काउंटीच्या तेव्हाच्या आरोग्य अधिकारी डॉ. सॅरा कोडी यांचं नाव तोपर्यंत आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? कायद्याने आरोग्य अधिकारी नेमायचा अधिकार बोर्डाचा आहे. अशी नेमणूक शांत काळात, कुणाचं लक्ष नसताना होते.

रुग्णालयांचंही तेच. दिवाळखोरीत निघालेली ओ'कॉनर आणि सेंट लुईज ही रुग्णालयं काउंटीने २०१९ मध्ये विकत घेतली, २०२५ मध्ये रीजनल मेडिकल सेंटर. केंद्राने मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला, कात्री लावल्यावर ही रुग्णालयं चालवायला पैसा हवा म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये विक्रीकर वाढवण्याचा मेझर ए हा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला. तो कर आपण सगळे देणार, दुकानात करपात्र वस्तूंच्या बिलावर.

बोर्डाचं सगळं छान आहे असं मात्र नाही. कन्सेंट कॅलेंडर फार फुगलंय. काही हजारांचा करार आणि कोट्यवधींचा करार एकाच यादीत, एकाच टाइपात छापलेला असतो. ठरावीक रकमेपुढचा प्रत्येक करार वेगळा काढून त्यावर निदान एक प्रश्न तरी विचारला गेलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सभा कामाच्या दिवशी, भर दिवसा. बोलायला गर्दी झाली की एकेकाला एकच मिनिट. लॉस एंजेलिस काउंटीची स्थिती आणखी बिकट: तिथे १ कोटीच्या आसपास लोकांना पाच सुपरवायझर्स, म्हणजे एकेकाच्या वाट्याला २० लाख माणसं. २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी ही संख्या नऊ करायचं ठरवलं, तेही लगेच होणार नाही.

आता मत नसलेल्यांसाठी. ब्राउन अ‍ॅक्टप्रमाणे सभेला यायला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, नागरिकत्वाचा तर प्रश्नच नाही. कन्सेंट कॅलेंडरवर मतदान होण्याआधी त्यातल्या कुठल्याही विषयावर बोलायची संधी द्यावीच लागते. बोर्डाचा कुठलाही सदस्य त्यातला विषय वेगळा काढून चर्चेला घेऊ शकतो, म्हणून आधी आपल्या सुपरवायझरच्या ऑफिसला दोन ओळींची ईमेल टाकणं जास्त उपयोगी पडतं. २०१९ मध्ये राज्याने आणखी एक कायदा केला: १८ वर्षांवरचा कुठलाही रहिवासी, नागरिक असो वा नसो, नेमणुकीच्या सरकारी पदांवर बसू शकतो. ज्येष्ठांसाठीच्या, ग्रंथालयांच्या, मानवी हक्कांच्या समित्या असतात, त्यांवरच्या रिकाम्या जागांच्या जाहिराती नीट बघा.

आणि आईबाबांसाठी एक तरतूद मुद्दाम सांगते, कारण ती कुणालाच माहीत नसते. इंग्रजी न येणारा माणूस दुभाष्याच्या मदतीने बोलणार असेल, तर त्याला इतरांपेक्षा किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. म्हणजे सीनियर सेंटरच्या बसबद्दल किंवा दवाखान्यातल्या रांगेबद्दल तुमच्या सासूबाई मराठीत बोलू शकतात. तुम्ही शेजारी उभं राहून इंग्रजी करायचं.

मंगळवारच्या सभेची पत्रिका शनिवारी सकाळपर्यंत लागलेलीच असते. आपल्या गावाचा, रस्त्याचा, आईवडिलांच्या दवाखान्याचा विषय त्यात दिसला तर इथे खाली त्याचा क्रमांक टाका. टिपण मी वाचेन, आणि ज्यांना बोलायचंय त्यांच्याबरोबर रविवारी बसून मिनिटभराचा मजकूर तयार करू.