पहिला मॅकफर्सन स्ट्रट फोर्ड वेदेतमध्ये नव्हता

ऑटोमोबाइलच्या नोट्स, क्विझचे प्रश्न, सस्पेन्शन समजावून सांगणारे व्हिडिओ, जुन्या गाड्यांवरचे लेख, कुठेही बघा, एक वाक्य हमखास भेटतं: "मॅकफर्सन स्ट्रट वापरणारी जगातली पहिली उत्पादनातली गाडी म्हणजे 1949ची फ्रेंच फोर्ड वेदेत." मॅकफर्सन स्ट्रट म्हणजे सस्पेन्शनमधली, म्हणजे चाक बॉडीला जोडून रस्त्याचे धक्के सोसणाऱ्या यंत्रणेतली, शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेली उभी जोडणी. दाव्यासोबत कारणंही दिलेली असतात. ही जोडणी काढणारे इंजिनिअर अर्ल मॅकफर्सन फोर्डमध्ये होते, वेदेत फोर्डची होती, तिचा आराखडा अमेरिकेत डेट्रॉइटला झाला होता. तेव्हा त्यांनी आपला नवा शोध आधी फ्रान्समध्ये उतरवला. ऐकायला सगळं जुळतं, म्हणून कोणी तपासत नाही. पण हे वाक्य चूक आहे. आणि चूक किरकोळ म्हणून सोडून द्यावी असं मला वाटत नाही, कारण तिच्यामुळे एका गाडीचा हक्काचा मान दुसरीला जातो, आणि जिला तो मिळतो त्या वेदेतची खरी हकिगत कोणी विचारेनासं होतं.

दाव्यातली एकेक गोष्ट घेऊ.

"मॅकफर्सन फोर्डमध्ये होते." होते, पण कधीपासून? सगळी मेख इथेच आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा मॅकफर्सन जनरल मोटर्समध्ये होते. 1945 मध्ये त्याच कंपनीच्या शेव्हरलेने एका छोट्या, स्वस्त गाडीचा प्रकल्प जाहीर केला. नाव कॅडेट, किंमत हजार डॉलरच्या आत ठेवायची, आणि मुख्य इंजिनिअर मॅकफर्सन. स्ट्रटची कल्पना आकाराला आली ती या कॅडेटसाठी, आणि तीही चारही चाकांना. गाडी छोटी असली तरी तिचं चालणं मोठ्या गाडीसारखं हवं, हा त्यांचा आग्रह होता. पण हजार डॉलरमध्ये गणित बसेना. युद्धानंतर अमेरिकेत जे बनेल ते विकलं जात होतं, त्यामुळे छोटी गाडी काढायची कंपनीला घाईही नव्हती. 1947 मध्ये कॅडेट गुंडाळली गेली आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये मॅकफर्सन फोर्डमध्ये दाखल झाले.

आता वेदेतकडे बघा. ती ऑक्टोबर 1948 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. दोन्ही तारखांमध्ये जेमतेम एक वर्ष. त्या काळात नवी मोटार कागदावरून रस्त्यावर यायला तीन-चार वर्षं सहज लागत. साचे, प्रेस, सुट्या भागांचे पुरवठादार हे सगळं आधी ठरवावं लागतं. पुढच्या चाकांची सगळी जोडणी शेवटच्या वर्षात बदलायची म्हणजे गाडीचा पुढचा भाग नव्याने बांधायचा. वेदेत जिथे बनायची तो फ्रान्समधल्या प्वासीचा कारखाना तेव्हा युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून सावरत होता. पोलादाचीही टंचाई होती. अशा ठिकाणी कोणी असला खटाटोप करेल हे संभवत नाही.

"आराखडा डेट्रॉइटला झाला होता." हे खरं आहे, आणि तेच दाव्याच्या विरोधात जातं. युद्ध संपता संपता फोर्डनेही अमेरिकेसाठी एका हलक्या गाडीचा विचार चालवला होता. तिचं रूप फोर्डचे डिझायनर बॉब ग्रेगरी यांच्या स्टुडिओतलं. फोर्डचीच 1949ची मर्क्युरी आणि वेदेत शेजारी उभ्या केल्या तर थोरली-धाकटी बहीण वाटतात, त्याचं कारण हेच: दोन्ही एकाच हाताच्या. 1946 मध्ये फोर्डने अमेरिकेपुरता हा बेत रद्द केला आणि तो आराखडा फ्रान्सच्या वाट्याला आला. अमेरिकेत जी छोटी ठरली असती ती फ्रान्समध्ये मोठी कुटुंबाची गाडी ठरली. म्हणजे वेदेतचा सांगाडा पक्का होत होता तेव्हा मॅकफर्सन फोर्डमध्ये नव्हतेच. ते प्रतिस्पर्धी कंपनीत, प्रतिस्पर्धी गाडीवर काम करत होते.

माझ्या मते गोंधळाचं एक मूळ इथेच असावं. युद्धानंतर जनरल मोटर्सकडे एक 'हलकी गाडी' होती, फोर्डकडे दुसरी. दोन्ही अमेरिकेत रद्द झाल्या. एकीचा इंजिनिअर पुढे दुसऱ्या कंपनीत गेला. नंतर सांगणाऱ्यांनी दोन्ही गाड्या एकच करून टाकल्या.

"वेदेतला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंग होती, म्हणजे तो स्ट्रटच." नाही. इथे जरा गाडीखाली वाकून बघावं लागेल.

आपल्याकडची प्रीमियर पद्मिनी आठवा. पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म. चाकाची दांडी या दोन आर्मच्या मध्ये धरलेली. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर आपापलं काम करतात, पण चाक जागेवर ठेवायची जबाबदारी दोन आर्मची. ही विशबोनची पद्धत. आता मारुती 800 घ्या. बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना, इंजिनच्या अंगाला, पत्र्याचे दोन उंच गोल कप्पे दिसतात आणि त्यांच्या माथ्यावर नट. त्या नटांच्या खाली शॉकअपची नळी सरळ उभी आहे, तिच्याभोवती स्प्रिंग, आणि तळाशी थेट चाकाचा हब. वरचा आर्म शोधून सापडणार नाही, कारण तो नाहीच. खाली फक्त लोअर आर्म. स्टिअरिंग फिरवलं की नळी, स्प्रिंग, चाक, सगळं एकत्र वळतं.

मॅकफर्सन यांची करामत हीच: वरच्या आर्मचं काम शॉकअपकडूनच करून घ्यायचं. त्यांच्या मूळ मांडणीत अँटीरोल बारही दुहेरी राबतो. गाडी वळणावर झुकू नये म्हणून असतोच, शिवाय खालच्या आर्मला पुढे-मागे सरकू देत नाही. चार सुट्या भागांऐवजी दोन, मधली जागा इंजिनला मोकळी, आणि रस्त्याचा धक्का वर, बॉडीच्या मजबूत भागात. त्या माथ्याला हा भार सोसायचा म्हणजे बॉडीही तशीच बांधलेली हवी. म्हणून स्ट्रट हा मागाहून बसवायचा सुटा भाग नाही. गाडी आखतानाच त्याचा विचार व्हावा लागतो.

1948च्या वेदेतमध्ये पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग होती. स्वतंत्र सस्पेन्शन, हो. युद्धानंतरच्या फ्रेंच गाडीला ते शोभणारंही होतं. पण 'पुढे कॉइल स्प्रिंग' आणि 'मॅकफर्सन स्ट्रट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो निकष लावला तर पद्मिनीलाही स्ट्रटची गाडी म्हणावं लागेल.

"1949 साल तरी कुठून आलं?" वेदेतचं उत्पादन जोरात सुरू झालं ते साधारण तेव्हाच. शिवाय फोर्डसाठी मॅकफर्सन यांनी चाकांच्या सस्पेन्शनच्या पेटंटचा अर्ज केला तो जानेवारी 1949 मध्ये. पेटंट मिळालं 1953 मध्ये. त्याआधी जनरल मोटर्समध्ये असताना 1947 साली त्यांनी केलेला अर्जही 1953 मध्येच मंजूर झाला. अर्जाचं साल आणि गाडीचं साल एकच दिसलं की दोन्ही चिकटतात, तसं इथे झालेलं दिसतं. पण पेटंटचा अर्ज म्हणजे रस्त्यावरची गाडी नव्हे.

मग पहिली कोण? ऑक्टोबर 1950, लंडनचं अर्ल्स कोर्ट प्रदर्शन. ब्रिटिश फोर्डने दोन नव्या गाड्या मांडल्या: 1508 सीसीची चार सिलिंडरची कॉन्सल आणि 2262 सीसीची सहा सिलिंडरची झेफिर. दोन्हींना वेगळी चासी नव्हती, बॉडी हीच गाडीचा सांगाडा, आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट. डॅगनहॅमच्या कारखान्यातून त्या लवकरच ग्राहकांकडे जाऊ लागल्या. उत्पादनातला पहिला मान या जोडीचा. डॅगनहॅमच्या माणसांनी एक कागदावरची कल्पना हजारो कुटुंबांच्या गाड्यांत चालवून दाखवली, ती टिकते हे सिद्ध केलं. त्यांचं श्रेय पॅरिसला पाठवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता दाव्यातला तो अंश, जो पूर्ण खोटा नाही. "वेदेतला स्ट्रट होते, आम्ही स्वतः पाहिलेत," असं सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलेली वेदेत दुसरी होती.

फोर्डचा फ्रान्समधला कारभार फारसा सुखाचा नव्हता. मॉरिस डॉल्फुस यांच्यानंतर फ्रान्स्वा लेहिदू यांनी तो हाती घेतला. 2158 सीसीचं व्ही-8 इंजिन साइड-वॉल्व्हचं (वॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, म्हणून वरचं हेड सपाट), 1930च्या दशकातल्या फोर्डच्या छोट्या फ्लॅटहेडच्या घराण्यातलं. सुरुवातीला ताकद 60 हॉर्सपॉवरच्या घरात. आवाज मऊ, ओढ बेताची आणि पेट्रोलची भूक मोठी. त्याच व्ही-8वर 1951 मध्ये फासेलने बांधलेल्या बॉडीची देखणी कोमेत आली. पण फ्रान्समध्ये इंधन महाग आणि गाडीवरचा कर इंजिनाच्या मापावर, त्यामुळे आठ सिलिंडरची कुटुंबाची गाडी विकणं ही चढणच होती. डेट्रॉइटला हा व्याप नकोसा झाला. 1954 मध्ये फोर्डने प्वासीचा कारखाना सिम्काला दिला. सिम्का म्हणजे फियाटच्या आधाराने उभी राहिलेली, आँरी पिगोझी यांनी वाढवलेली कंपनी. बदल्यात फोर्डला सिम्कात सुमारे 15 टक्के हिस्सा मिळाला. तो त्यांनी 1958 मध्ये क्रायस्लरला विकला.

या व्यवहारात सिम्काला कारखान्यासोबत एक तयार नवी गाडीही मिळाली. फोर्डने वेदेतची पुढची पिढी आखून ठेवली होती. नवी बॉडी, 2351 सीसीपर्यंत वाढवलेलं तेच व्ही-8 आणि पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट. 1954च्या शरदात ती सिम्का वेदेत म्हणून आली. त्रियानाँ, व्हर्साय आणि रेजाँस अशा तीन दर्जांत. मार्ली नावाची स्टेशन वॅगनही निघाली. काही देशांत सुरुवातीला ती फोर्ड नावानेच विकली गेली, त्यामुळे गोंधळात आणखी भर. कारखाना तोच, नाव तेच, व्ही-8 तेच. म्हणून 1948ची आणि 1954ची वेदेत एकच समजून नंतरचे स्ट्रट आधीच्या गाडीला लावले गेले. पण 1954 पर्यंत कॉन्सल आणि झेफिर चार वर्षं रस्त्यावर होत्या.

"मॅकफर्सन यांनी ही कल्पना शून्यातून काढली," असंही जोडीला म्हटलं जातं. तेही तितकंसं बरोबर नाही. फियाटच्या ग्विदो फोर्नाका यांची 1920च्या दशकातली रचना याच दिशेची होती. कल्पना स्वस्त, साधी आणि मोठ्या संख्येने बनवता येईल अशी करणं हे मॅकफर्सन यांचं मोठेपण, आणि ते पुरेसं मोठं आहे.

आता कोणी म्हणेल, 'पहिली'चा मान काढून घेतला तर वेदेतकडे उरलं काय? भरपूर उरलं. 1956च्या सुएझच्या पेचानंतर युरोपात पेट्रोल दुर्मीळ झालं, तेव्हा सिम्काने याच मोठ्या बॉडीत आपल्या आरोंद या लहान गाडीचं 1290 सीसीचं छोटं इंजिन बसवलं आणि 1957 मध्ये आरियान काढली. प्रशस्त गाडी, इंजिन मात्र बेताचं. टंचाईतल्या कुटुंबांना नेमकं तेच हवं होतं. आरियान 1963 पर्यंत बनत राहिली, म्हणजे 1961 मध्ये बंद झालेल्या व्ही-8 वेदेतनंतरही दोन वर्षं. वेदेतचंच थाटाचं रूप असलेली शांबोर समुद्रापार गेली. ब्राझीलमध्ये साओ पाउलोजवळ साओ बर्नार्दो दो कांपोला ती 1959 पासून बनू लागली आणि 1960च्या दशकात तिथल्या इंजिनिअरांनी त्या जुन्या फ्लॅटहेडवर नवे, अर्धगोल ज्वलनकक्षांचे हेड बसवून त्यात पुन्हा जान आणली. डेट्रॉइटने नाकारलेल्या एका आराखड्यातून सुरू झालेली वेदेत फ्रान्समध्ये दोन कंपन्यांच्या नावांनी जगली आणि ब्राझीलमध्ये तिचा तिसरा जन्म झाला. हे सगळं खरं आहे, आणि एका चुकीच्या 'पहिल्या'पेक्षा कितीतरी सांगण्याजोगं आहे.

प्वासीचा कारखाना पुढे सिम्काकडून क्रायस्लरकडे आणि 1978 मध्ये प्यूजोकडे गेला. 1980च्या दशकात तिथून प्यूजो 309 निघू लागली. तीच 309 पुढे 1990च्या दशकात प्रीमियरबरोबरच्या भागीदारीत आपल्या कल्याणला बनली. तिच्या पुढच्या चाकांना मात्र खरोखरच मॅकफर्सन स्ट्रट होते.