आई-बाबांसाठी अडीच स्टारच घे

आज सकाळपासून डोकं तापलंय. आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका तरुण मुलाने साधा प्रश्न विचारला. त्याचे आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत येताहेत. ओहेअर विमानतळावर उतरतील, दोन दिवस शिकागो बघतील आणि मग तो त्यांना घरी घेऊन येईल. हॉटेलचं नाव न सांगता स्वस्तात रूम देतात ना, तसं बुकिंग करायचंय, तर किती स्टारचं घेऊ? बस, एवढंच विचारलं त्याने. आणि उत्तरं काय आली? "फोर स्टार घे डोळे मिटून." "तीनच्या खाली जाऊच नकोस." एकाने तर लिहिलं, "जन्मदात्यांना मोटेलात ठेवणार का रे?" त्यावर हसण्याच्या इमोजींचा पाऊस. त्या मुलाने नंतर एक अक्षर लिहिलं नाही.

ग्रुपवर वाद नकोत म्हणून इथे लिहितेय. लांबेल, पण आज लिहिणारच.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं सांगते. हॉटवायर किंवा प्राइसलाइनसारख्या साइटवर काही रूम अशा असतात की त्यात तुम्हाला शहराचा भाग दिसतो, स्टार दिसतात, काय काय सोयी आहेत ते दिसतं आणि किंमत दिसते. नाव दिसत नाही. पैसे भरले की मगच नाव कळतं, आणि मग साधारणपणे रद्दही करता येत नाही, बदलताही येत नाही. हॉटेलवाल्यांचं गणित सरळ आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या परत विकता येत नाही, पण नाव लावून स्वस्तात विकली तर नेहमीचं गिऱ्हाईक तोच भाव मागणार. म्हणून नाव झाकून विकायची. इथले जुने लोक तर 1998 पासूनच्या गोष्टी सांगतात, प्राइसलाइनवर आपण भाग निवडायचा, स्टार निवडायचे आणि आपणच किंमत बोलायची. हॉटेलने हो म्हटलं की कार्डातून पैसे गेलेच. ते बोली लावणं बंद झालं, पण डोळे झाकून घेणं चालूच आहे.

म्हणजे तुमच्या हातात खरं तर दोनच गोष्टी उरतात, कुठल्या भागात आणि किती स्टार. आणि त्यातली एक तुम्ही अशी चार लोकांपुढे मिरवण्यासाठी घालवता?

माझ्या आई-बाबांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ते मागे आले तेव्हा ओहेअरलाच उतरले होते. मी इंडियानापोलिसहून गाडी घेऊन आणायला गेले. माझ्या दिराने प्रेमाने, भेट म्हणून, शिकागो डाउनटाउनमधलं चार स्टारचं हॉटेल असंच नाव न बघता बुक करून दिलं होतं. भाव खरंच छान मिळाला होता. त्याच्या मनात आमच्याबद्दल मायाच होती, त्याला मी कधी एका शब्दाने बोलले नाही. पण ती पहिली रात्र मी विसरणार नाही.

आईला मधुमेह आहे. सहा महिन्यांचं इन्सुलिन थर्मासच्या पिशवीत घालून ती सातारा ते शिकागो मांडीवर घेऊन आली होती. रूममध्ये शिरल्या शिरल्या तिने पहिली गोष्ट विचारली, फ्रीज कुठाय. फ्रीज होता, पण तो मिनीबार. आत दारूच्या छोट्या बाटल्या आणि चॉकलेटं खचाखच भरलेली, आणि खाली सेन्सर. बाटली उचलून बाजूला ठेवली तरी बिलात लागते. खाली फोन केला, तर औषधासाठी वेगळा छोटा फ्रीज मिळेल म्हणाले. दिला त्यांनी, नाही म्हणत नाही मी, आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. पण तो येईपर्यंत रात्रीचे साडेदहा झाले आणि आई तोवर पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती.

रूममध्ये पलंग एकच, मोठा. आम्ही माणसं तीन. अशा बुकिंगमध्ये रूम दोघांची धरतात आणि पलंग कसा मिळेल ते हॉटेल ठरवतं, हे कुणी सांगत नाही. बाबा खिडकीपाशी लांबुडक्या कोचावर पाय दुमडून झोपले. व्हॅले पार्किंग, म्हणजे हॉटेलचा माणूस गाडी नेऊन लावतो ते, एका रात्रीचं सत्तर डॉलरच्या घरात. आता मे 2025 पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमामुळे रिसॉर्ट फीसारखी सक्तीची फी आधीच किमतीत धरून दाखवावी लागते, हे फार चांगलं झालं. पण पार्किंग सक्तीचं नसतं, ते तुम्ही डेस्कवर गेल्यावरच अंगावर येतं.

आणि पहाटे तीनला दोघेही टक्क जागे. भारतातून आलेला माणूस पहिले काही दिवस पहाटे जागा होणारच, त्याला इलाज नाही. आईला काहीतरी खाऊन गोळी घ्यायची होती. खालचं रेस्टॉरंट सहाला उघडणार, रूममध्ये चहाची सोय नाही, मायक्रोवेव्ह नाही. तिने पिशवीतून दशम्या काढल्या आणि अंधारात, मला जाग येऊ नये म्हणून, बाथरूमचं दार लोटून घेऊन तिथे उभ्याने खाल्ली. मी जागीच होते. माझी आई, जिने आयुष्यभर आल्यागेल्याला पाटावर बसवून जेवू घातलं, ती चार स्टारच्या हॉटेलात बाथरूममध्ये उभी राहून दशमी खातेय. हे लिहितानाही मला भरून येतंय.

सकाळी विचारलं, झोप लागली का? "हो गं, किती छान आहे हॉटेल." आपल्या आई-बाबांची पिढी तक्रार करत नाही. म्हणून तर त्यांच्या वतीने आपल्याला विचार करावा लागतो!

बरं, हे स्टार देतं कोण? भारतात पर्यटन मंत्रालयाची पद्धत आहे, ठरलेल्या निकषांवर पाहणी करून एक स्टारपासून फाइव्ह स्टार डिलक्सपर्यंत वर्ग देतात. अमेरिकेत असं सरकारी काही नाही. ट्रिपल ए ही गाडीवाल्यांची संघटना आपले डायमंड देते, फोर्ब्सचं ट्रॅव्हल गाइड आपले स्टार देतं आणि बुकिंगच्या साइट आपापले. एकच हॉटेल एका ठिकाणी साडेतीन आणि दुसरीकडे चार असू शकतं. आणि स्टार वाढतात ते बहुतेक सेवेवर. सामान उचलायला माणूस आहे का, रात्री रूममध्ये जेवण येतं का, आत रेस्टॉरंट आहे का. आपल्या आई-बाबांना यातलं काय हवं असतं? त्यांना पहाटे चहा हवा, मऊ भात हवा आणि रूमपर्यंत फार चालायला नको.

आणि गंमत नाही सांगत, अगदी खरं सांगते, इथे अडीच स्टारला जे फुकट मिळतं त्याला चार स्टारवाले पैसे लावतात. ब्रेकफास्ट, पार्किंग, कित्येक ठिकाणी वायफायसुद्धा.

त्या दोन रात्रींनंतर मी आई-बाबांना शिकागोच्या अरोरा उपनगरातल्या बालाजी मंदिरात घेऊन गेले. तिथल्या जवळच्या भागात मी स्वतः, तसंच नाव न बघता, अडीच स्टारचं बुक केलं. फक्त सोयींमध्ये छोटं किचन, मोफत ब्रेकफास्ट आणि मोफत पार्किंग असलेलंच बघितलं. नाव कळल्याबरोबर हॉटेलला फोन करून दोन पलंगांची रूम मागून घेतली. मिळाली. किचनमध्ये दोन बर्नर, भांडी, मोठा फ्रीज. आईने आधी इन्सुलिन ठेवलं, मग हात धुतले आणि मुगाची खिचडी टाकली. विमानातून उतरल्यापासून ती पहिल्यांदा पलंगावर पाठ टेकून स्वस्थ झोपली.

सकाळी खाली वॅफलचं मशीन होतं. बाबा त्याच्यासमोर चष्मा कपाळावर चढवून सूचना वाचत उभे. कपात पीठ घ्यायचं, साच्यावर ओतायचं, झाकण लावून साचा उलटा फिरवायचा आणि बीप वाजेपर्यंत थांबायचं. पहिलं जमलं तसं त्यांनी मागे उभ्या असलेल्या एका छोट्या मुलीलाही करून दिलं. लॉबीत गरम पाणी आणि कॉफी रात्रभर. पहाटे तीनला दोघे जाऊन तिथे बसले होते. डेस्कवर एक गुजराती काका होते, त्यांनी आत जाऊन आईला चहासाठी दूध आणून दिलं.

म्हणून त्या "मोटेल" शब्दाचा मला इतका राग आला. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉटेलं भारतीय वंशाच्या लोकांच्या मालकीची आहेत, त्यात बहुतेक गुजराती. घरची सगळी माणसं राबवून, मागच्या खोलीत राहून त्यांनी ही हॉटेलं उभी केली. आणि आपण त्यांच्या दारात आई-बाबांना ठेवायला लाजायचं? कुणापुढे लाजायचं?

हो, दीड-दोन स्टारला हायवेच्या कडेला, रूमची दारं थेट पार्किंगमध्ये उघडणारं काहीतरी गळ्यात पडू शकतं, तिथे मीही नेणार नाही. आणि चार स्टार वाईट नसतं. नवरा-बायको दोघेच असाल, शनिवार-रविवार असेल, तर डाउनटाउनचं चार स्टार जरूर घ्या. सोमवार ते गुरुवार कंपनीच्या पैशाने येणारी माणसं शुक्रवारी निघून जातात आणि भाव उतरतात. जानेवारी-फेब्रुवारीत तर शिकागोत फारच. मात्र मॅकॉर्मिक प्लेसला, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शन केंद्रात, मोठं प्रदर्शन असेल तर नाव झाकूनही काही स्वस्त मिळत नाही, तारखा बघून घ्या.

डाउनटाउनमधून चालत सगळं दिसतं, हेही मान्य. 1893 च्या 11 सप्टेंबरला विवेकानंद बोलले ती इमारत, आजची आर्ट इन्स्टिट्यूट, आमच्या त्या हॉटेलपासून चालत होती. बाबा तिथे हात जोडून उभे राहिले. पण अरोराहूनही मेट्राची, म्हणजे उपनगरी रेल्वेची, गाडी थेट डाउनटाउनच्या युनियन स्टेशनला येते, आणि तिथून ती इमारत ज्या रस्त्यावर आहे तो मिशिगन अव्हेन्यू मैलभरसुद्धा नाही. नीट झोपलेले बाबा तेवढं आनंदाने चालले असते.

तर बाळा, तू ही पोस्ट वाचत असशील तर ऐक. त्या इमोजींकडे लक्ष देऊ नकोस. तू आधी विचारलंस, यातच तुझी काळजी दिसते. अडीच किंवा तीन घे, उपनगरात घे, सोयींमध्ये फ्रीज, मायक्रोवेव्ह आणि ब्रेकफास्ट दिसला तरच पैसे भर. नाव कळलं की लगेच फोन करून दोन पलंग आणि लिफ्टजवळची रूम माग. त्यांना काही औषध थंड ठेवायचं असेल तर पहिल्या रात्रीपुरतं नाव बघून, रद्द करता येईल असंच बुकिंग कर, वीस-तीस डॉलर जास्त गेले तरी जाऊ देत. आणि मला मेसेज कर. विमान किती वाजता उतरतंय तेवढं सांग, त्यावरून कुठल्या बाजूचं घ्यायचं ते आपण बघू.